पासपोर्ट कोणीं अडवावा, आणि कशासाठीं?

आमच्या शाळेंतून शिकून गेलेली एक मुलगी कांहीं वर्षांपूर्वीं मला भेटावयास आली होती. परिचारिकेचें शिक्षण तिनें उत्तम रीतीनें पुरें केलें होतें, आणि परदेशांतील एका रुग्णालयानें तिला नोकरी देऊं केली होती. घरीं वृद्ध आईबाप, धाकट्या दोघां भावांचें शिक्षण अर्धवट. ह्या नोकरीवर साऱ्या कुटुंबाची आशा होती. परंतु पासपोर्टासाठीं अर्ज करून पांच महिने लोटले, तरी पासपोर्ट हातीं येईना. ती कार्यालयांत खेटे घाली, आणि खिडकीपलीकडील गृहस्थ प्रत्येक वेळीं एवढेंच सांगत, "तुमचा पोलिसांचा अहवाल प्रतिकूल आहे. पासपोर्ट मिळावयाचा नाहीं." अहवालांत काय आहे हें कोणी सांगेना, आणि लेखी उत्तर तर मुळींच मिळेना. शेवटीं तिनें मला विचारिलें, "सर, सरकारी अधिकाऱ्यानें एकदां नाहीं म्हटलें म्हणजे सर्व संपलेंच ना?"

त्या दिवशीं मला ह्या प्रश्नाचें नीटसें उत्तर देतां आलें नाहीं, ह्याची लाज वाटली. नागरिकशास्त्र शिकविणाऱ्या मनुष्यास तें यावयास हवें होतें. पुढें मीं मूळ कायदा वाचला, न्यायालयांचे मुख्य मुख्य निकाल पाहिले, आणि एका वकील मित्राकडून शंकांचें निरसन करून घेतलें. त्यांतून जें हातीं लागलें तें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या वडील मंडळींस उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें मांडीत आहें. आमच्या शाळेंतील पुष्कळ मुलें उच्च शिक्षणासाठीं अथवा चाकरीसाठीं परदेशीं जाण्याची उमेद बाळगतात. त्यांना पासपोर्टाची वाट एके दिवशीं चालावी लागणारच.

प्रथम पासपोर्ट म्हणजे काय तें पाहूं. पासपोर्ट म्हणजे सरकारनें आपल्या नागरिकाची ओळख पटवून देणारें, आणि त्यास निर्विघ्नपणें जाऊं द्यावें अशी परराज्यांस विनंती करणारें पत्र होय. ही कल्पना फार प्राचीन आहे. पवित्र शास्त्रांत नहेम्याचें चरित्र आपण वाचलें आहे. तो अर्तहशश्त राजाचा प्यालेबरदार होता. यरुशलेमेचा पडलेला कोट पुन्हा बांधण्याकरितां जावयास निघतांना त्यानें राजापाशीं नदीपलीकडील प्रांताधिपतींच्या नांवें पत्रें मागितलीं, कीं त्यांनीं आपणांस यहूदा देशापर्यंत जाऊं द्यावें. राजानें तीं पत्रें दिलीं, आणि नहेम्यानें तो ईश्वराचा प्रसाद मानिला. परंतु राजानें पत्रें नाकारलीं असतीं तर? तर नहेम्यास दाद मागण्यास जागा नव्हती; राजाची मर्जी हाच तेथें कायदा होता. ज्या राज्यांत राजाची मर्जी हा कायदा नसून कायदा हाच राजा आहे, तेथें हें पत्र नाकारण्याचा अधिकार किती चालावा, हा आजच्या लेखाचा विषय आहे.

इंग्लंडांत १२१५ सालीं सरदारांनीं जॉन राजाकडून जी प्रसिद्ध सनद लिहवून घेतली, तिच्या ४२ व्या कलमांत ह्या प्रश्नाचें एक उत्तर आढळतें. युद्धकाळीं राज्याच्या हितासाठीं घातलेला अल्पकाळचा निर्बंध वगळतां, प्रत्येकास राज्याबाहेर जाण्याची व सुरक्षितपणें परत येण्याची मोकळीक असावी, असें तें कलम होतें. कैदी, कायद्यानें बहिष्कृत झालेले लोक व शत्रुराज्याचे प्रजाजन ह्यांना तेवढें त्यांतून वगळलें होतें. पुढच्याच वर्षीं सनद पुन्हा काढण्यांत आली तेव्हां हें कलम गळालें. परंतु त्यांतील विचार गळाला नाहीं. जाणें हा नियम, अडविणें हा अपवाद, आणि अपवादास कारण पाहिजे, हा तो विचार. १९४८ सालीं संयुक्त राष्ट्रांनीं मानवी हक्कांचा जो जाहीरनामा काढला त्याच्या १३ व्या कलमांतही प्रत्येक मनुष्यास आपला देश सोडून जाण्याचा व परत येण्याचा हक्क आहे असें म्हटलें आहे.

१८८३ सालीं पंडिता रमाबाई इंग्लंडास व आनंदीबाई जोशी वैद्यकी शिकण्याकरितां अमेरिकेस गेल्या. त्यांना समाजाचा विरोध, पैशाची अडचण व समुद्राचा प्रवास सोसावा लागला. परंतु आजच्यासारखा सक्तीचा पासपोर्ट त्या काळीं नव्हता. पहिल्या महायुद्धाच्या धामधुमींत राष्ट्रांनीं आपापल्या सीमा बंद केल्या आणि पासपोर्टाची सक्ती सुरू झाली. युद्ध संपलें, पण सक्ती राहिली. आपल्याकडे १९२० सालीं कायदा झाला, तो देशांत येणाऱ्यापाशीं पासपोर्ट असला पाहिजे असें सांगणारा होता. देशाबाहेर जाणाऱ्यास पासपोर्ट केव्हां द्यावा व केव्हां नाकारावा, ह्याविषयीं मात्र कायदाच नव्हता. तरीही व्यवहारांत पासपोर्ट नसलेल्या उतारूस आगबोटीची वा विमानाची कंपनी घेईना, आणि परराज्य आपल्या किनाऱ्यावर उतरूं देईना. म्हणजे कायद्यानें दार उघडें, परंतु किल्ली सरकारच्या खिशांत, अशी स्थिति होती. स्वातंत्र्य मिळाल्यावर व १९५० सालीं राज्यघटना अमलांत आल्यावरही सतरा वर्षें ही स्थिति तशीच चालू राहिली.

सरकारचें म्हणणें असें कीं, पासपोर्ट हा सरकारचा दस्तऐवज आहे. तो देणें ही कृपा आहे, नागरिकाचा हक्क नव्हे. म्हणून तो दिला तर उपकार, न दिला तर तक्रार कसली? मुंबई, केरळ व म्हैसूर येथील उच्च न्यायालयांनीं हें म्हणणें मानिलें नाहीं. दिल्लीच्या उच्च न्यायालयाचें मत मात्र सरकारच्या बाजूचें पडलें. अखेर सतवंतसिंग साहनी नामक एका व्यापाऱ्याचें प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढें आलें. १९६६ सालीं त्यांना आपले पासपोर्ट परत करण्यास फर्माविण्यांत आलें होतें. १० एप्रिल १९६७ रोजीं पांच न्यायाधीशांनीं निकाल दिला. दोघां न्यायाधीशांचें मत असें पडलें कीं, पासपोर्ट हा राजनैतिक दस्तऐवज असून तो मागण्याचा नागरिकास हक्क नाहीं. परंतु सरन्यायाधीश सुब्बा राव व त्यांच्याशीं सहमत असलेले दोघे न्यायाधीश ह्यांच्या बहुमतानें निराळा निर्णय झाला.

तो निर्णय समजण्यास घटनेचीं दोन कलमें लक्षांत ठेविलीं पाहिजेत. कलम २१ सांगतें कीं, कायद्यानें घालून दिलेल्या पद्धतीवांचून कोणाचेंही जीवित वा व्यक्तिस्वातंत्र्य हिरावून घेतां येणार नाहीं. कलम १४ सांगतें कीं, कायद्यापुढें सर्व समान आहेत. न्यायालयानें म्हटलें कीं, परदेशीं जाणें हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच एक भाग आहे; तो हिरावण्यास कायदा पाहिजे; येथें तर कायदाच नाहीं; म्हणून अडविणें बेकायदेशीर. शिवाय, एकास द्यावा व दुसऱ्यास नाकारावा हें ठरविण्यास कांहीं नियमच नसेल, तर अधिकाऱ्याची लहर हाच नियम होतो, आणि तेथें समानता उरत नाहीं. विद्यार्थ्यांनीं ही दुसरी गोष्ट विशेष ध्यानांत घ्यावी. अधिकारी दुष्टच असेल असें न्यायालय म्हणत नाहीं. अधिकारी कितीही सज्जन असला, तरी लाखों लोकांचें भवितव्य त्याच्या सज्जनपणावर सोंपवूं नये, एवढेंच तें म्हणतें.

निकालानंतर अवघ्या कांहीं आठवड्यांत सरकारनें वटहुकूम काढला, आणि जून १९६७ मध्यें संसदेनें पासपोर्टाचा कायदा केला. आजही तोच कायदा, कांहीं दुरुस्त्यांसह, चालू आहे. त्यांतील ६ व्या कलमांत पासपोर्ट नाकारण्याचीं कारणें सांगितलीं आहेत. अर्जदार भारताचा नागरिक नसणें. परदेशीं जाऊन तो देशाच्या सार्वभौमत्वास व अखंडतेस बाधक कृत्यें करील असा संभव असणें. त्याच्या जाण्यानें देशाच्या सुरक्षिततेस धोका असणें, किंवा परराष्ट्रांशीं असलेल्या स्नेहास बाध येणें. अर्जापूर्वींच्या पांच वर्षांत नीतिभ्रष्टतेच्या गुन्ह्याबद्दल दोन वर्षांहून कमी नाहीं अशी कैदेची शिक्षा झालेली असणें. फौजदारी न्यायालयांत खटला चालू असणें. न्यायालयाचें समन्स वा वॉरंट निघालेलें असणें. पूर्वीं सरकारी खर्चानें परदेशांतून परत आणलें असतां तो खर्च न फेडणें. आणि शेवटीं, पासपोर्ट देणें लोकहिताचें नाहीं असें केंद्र सरकारचें मत असणें. ह्यांवांचून दुसऱ्या कोणत्याही कारणासाठीं पासपोर्ट नाकारतां येत नाहीं, असें कायदाच स्पष्ट शब्दांत म्हणतो. अर्जदाराचा धर्म, त्याची जात, त्याचें दारिद्र्य, किंवा "हा मनुष्य मला बरा वाटत नाहीं" असें एखाद्याचें मत, ह्यांपैकीं कांहींही त्या यादींत नाहीं. तसेंच यादींतील शेवटचें कारण, जें सर्वांत रुंद आहे, तें केंद्र सरकारच्या मतावर ठेविलें आहे, खालच्या अधिकाऱ्याच्या मतावर नव्हे.

एकदां दिलेला पासपोर्ट परत घेण्याचा किंवा अटकावून ठेवण्याचा अधिकार १० व्या कलमांत आहे. खोटी माहिती देऊन वा खरी माहिती लपवून तो मिळविला असेल, पासपोर्टाच्या अटी मोडल्या असतील, फौजदारी खटला चालू असेल, अथवा देशाच्या सुरक्षिततेस वा सार्वजनिक हितास तें आवश्यक असेल, तर अधिकारी तसें करूं शकतो. २००२ सालीं ह्यांत अशी भर पडली कीं, तांतडीच्या प्रसंगीं पासपोर्ट प्रथम चार आठवड्यांपर्यंत तहकूब ठेवतां यावा.

परंतु ह्या अधिकाराबरोबरच कायद्यानें अधिकाऱ्यावर तीन बंधनें घातलीं आहेत, आणि माझ्या मतें साऱ्या विषयाचें सार ह्या तीन बंधनांत आहे. पहिलें, नकाराचा अथवा अटकावणीचा हुकूम लेखी असला पाहिजे. दुसरें, त्याचीं कारणें थोडक्यांत लिहून ठेविलीं पाहिजेत, आणि मागितल्यास त्यांची प्रत दिली पाहिजे. देशाची सुरक्षितता, परराष्ट्रांशीं स्नेह, सार्वजनिक हित अशा ठराविक कारणांसाठींच ती प्रत रोखतां येते. तिसरें, त्या हुकुमावर वरिष्ठाकडे अपील करण्याची सोय आहे. मात्र हुकूम खुद्द केंद्र सरकारचा असेल तर अपील नाहीं, आणि मग उच्च न्यायालयाचेंच दार ठोठवावें लागतें. लिहिणें, सांगणें व तपासूं देणें, हीं तीं तीन बंधनें होत.

कायद्यांत लिहिलें म्हणजे तसें घडतेंच असें नाहीं, हें आपण जाणतों. ह्या बंधनांची खरी कसोटी १९७७ सालीं लागली. त्या वर्षीं मार्च महिन्यांत दिल्लींत सत्तांतर झालें होतें. माजी पंतप्रधान इंदिरा गांधी ह्यांच्या सूनबाई मनेका गांधी ह्यांना ४ जुलै रोजीं पासपोर्ट अधिकाऱ्याचें एक पत्र आलें. सार्वजनिक हितासाठीं आपला पासपोर्ट अटकावून ठेवण्याचें सरकारनें ठरविलें आहे. तो सात दिवसांचे आंत स्वाधीन करावा, असा त्यांतील मजकूर होता. त्यांनीं लागलीच कारणें विचारिलीं. ६ जुलैला उत्तर आलें कीं, सार्वजनिक हितासाठीं कारणें सांगतां येत नाहींत. म्हणजे पासपोर्ट घेण्याचें कारण सार्वजनिक हित, आणि तें कारण न सांगण्याचेंही कारण सार्वजनिक हितच! त्यांनीं थेट सर्वोच्च न्यायालयांत अर्ज केला. तेथें मग सरकारनें सांगितलें कीं, एका चौकशी आयोगापुढें त्यांची उपस्थिति लागण्याचा संभव आहे. हें कारण त्यांना जुलैमध्येंच सांगण्यांत कोणतें संकट ओढवलें असतें, हें कोणासही सांगतां आलें नाहीं.

२५ जानेवारी १९७८ रोजीं सात न्यायाधीशांच्या पीठानें निकाल दिला. त्या सातांत आपल्या पुण्याचे न्यायमूर्ति यशवंत विष्णु चंद्रचूड हे एक होते. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ति भगवती ह्यांनीं लिहिलें. त्याचें तात्पर्य असें कीं, स्वातंत्र्य हिरावण्यास नुसता कायदा असून भागत नाहीं. त्या कायद्याची पद्धतिही न्याय्य, योग्य व वाजवी असली पाहिजे. मनमानी वा जुलमी पद्धत ही घटनेच्या अर्थानें पद्धतच नव्हे. १० व्या कलमांत "नागरिकाचें म्हणणें ऐकून घ्यावें" असे शब्द नाहींत, हें खरें. परंतु ऐकून घेणें हा न्यायाचा प्राण असल्यामुळें ते शब्द तेथें आहेत असेंच समजावें. आधीं नोटीस दिल्यास मनुष्य पळून जाण्याचें भय असेल, तर आधीं पासपोर्ट अटकावून त्यानंतर तत्काळ त्याचें म्हणणें ऐकावें. परंतु ऐकणें टाळतां येणार नाहीं.

येथें एक गोष्ट प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. ह्या निकालानें अर्जदार बाईंच्या हातीं त्याच दिवशीं पासपोर्ट पडला नाहीं. सरकारी वकिलांनीं न्यायालयास वचन दिलें कीं, त्यांचें म्हणणें दोन आठवड्यांत ऐकून घेऊं, आणि अटकावणी कायम झाली तरी ती नव्या निर्णयापासून सहा महिन्यांपलीकडे जाऊं देणार नाहीं. त्या वचनावर बहुतेक न्यायाधीश संतुष्ट झाले, आणि हुकूम रद्द करण्यांत आला नाहीं. तरीही हा निकाल आपल्या देशाच्या इतिहासांत अमर झाला आहे. कारण एका पासपोर्टाच्या निमित्तानें प्रत्येक नागरिकास "माझें म्हणणें ऐका" असें म्हणण्याचा आधार मिळाला.

दोन्ही बाजू ऐकल्यावांचून निकाल देऊं नये, हें तत्त्व आम्हां ख्रिस्ती लोकांस परकें नाहीं. १७१८ सालीं इंग्लंडांत केंब्रिज विश्वविद्यालयानें डॉ. बेंटली नामक एका विद्वानाच्या पदव्या, त्यांचें म्हणणें न ऐकतांच, काढून घेतल्या. तें प्रकरण न्यायालयांत गेलें, तेव्हां न्यायमूर्ति फोर्टेस्क्यू म्हणाले कीं, खुद्द ईश्वरानेंही आदामास शिक्षा सांगण्यापूर्वीं त्यास हांक मारून त्याचा जबाब घेतला. सर्वज्ञास विचारण्याची गरज ती काय होती? तरीही त्यानें विचारिलें. मग ज्यास टेबलावरच्या कागदापलीकडचें कांहीं दिसत नाहीं, त्या मनुष्यानें विचारण्यास कमीपणा कां मानावा? प्रेषितांच्या कृत्यांत फेस्त नांवाचा रोमी सुभेदार आहे. तो सत्पुरुष होता असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु आरोपीस आरोप करणाऱ्यांसमोर उभें करून प्रत्युत्तराची संधि दिल्यावांचून त्यास कोणाच्या हवालीं करणें ही रोमी लोकांची रीत नव्हे, असें त्यानें सांगितलें. आणि कैद्यास पाठवितांना त्याच्यावरील आरोप न कळविणें हें त्यासही गैर वाटलें. रोमी सुभेदारास जें गैर वाटलें तें लोकशाहींतील अधिकाऱ्यास योग्य कसें वाटावें?

हा झगडा केवळ आपल्याच देशांत झाला असें नाहीं. स्वातंत्र्याचें माहेरघर म्हणविणाऱ्या अमेरिकेंतही तो झाला. पॉल रोबसन हे नीग्रो वंशांतील थोर गायक. त्यांचे वडील गुलामगिरींतून पळालेले व पुढें धर्मोपदेशक झालेले गृहस्थ होते. १९५० सालीं सरकारनें त्यांचा पासपोर्ट रद्द केला, कारण त्यांचीं राजकीय मतें व भाषणें सरकारास रुचत नव्हतीं. आठ वर्षें ह्या जगप्रसिद्ध गायकास पासपोर्टावांचून राहावें लागलें. १९५२ सालीं ते कानडाच्या सरहद्दीवर एका मालमोटारीवर उभे राहून गायिले, आणि सरहद्दीच्या दोन्ही अंगांस हजारों लोक ऐकत उभे होते. १९५७ सालीं लंडनच्या श्रोत्यांस त्यांनीं समुद्रापलीकडून टेलिफोनच्या तारेवरून गाणें ऐकविलें. मनुष्य अडविला, परंतु त्याचा आवाज अडवितां आला नाहीं. त्याच सुमारास रॉकवेल केंट नामक चित्रकारासही साम्यवादी असल्याच्या संशयावरून पासपोर्ट नाकारण्यांत आला होता. १९५८ सालच्या जून महिन्यांत तेथील सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध चार मतांनीं ठरविलें कीं, प्रवास हा नागरिकाच्या स्वातंत्र्याचा भाग आहे, आणि नागरिकाच्या मतांवरून पासपोर्ट नाकारण्याचा अधिकार कायदेमंडळानें परराष्ट्रमंत्र्यास दिलेलाच नाहीं. त्याच वर्षीं रोबसन ह्यांसही पासपोर्ट परत मिळाला. परंतु गेलेलीं आठ वर्षें कोणतें न्यायालय परत देणार?

पुनः आपल्या देशाकडे वळूं. पासपोर्ट अडविण्याचा अधिकार कोणास आहे, हाही एक महत्त्वाचा प्रश्न आहे. २००८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सुरेश नंदा ह्यांच्या प्रकरणांत एक सूक्ष्म पण उपयुक्त भेद सांगितला. तपासाच्या कामीं पोलिस एखादी वस्तु ताब्यांत घेऊं शकतात, त्याप्रमाणें पासपोर्टही घेऊं शकतात; परंतु तो अटकावून ठेवणें ही गोष्ट वेगळी. तो अधिकार पासपोर्ट कायद्यानें पासपोर्ट अधिकाऱ्यासच दिला आहे. पोलिसांस अटकावणी व्हावी असें वाटत असेल, तर त्यांनीं पासपोर्ट त्या अधिकाऱ्याकडे पाठवावा, आणि त्यानें नागरिकाचें म्हणणें ऐकून निर्णय करावा. तसेंच, पासपोर्ट हातांत असूनही मनुष्यास विमानतळावर थांबविण्याची सूचना काढतां येते. सरकारी बँकांच्या प्रमुखांसही कर्जदाराविरुद्ध अशी सूचना मागण्याची मुभा सरकारनें एका परिपत्रकान्वयें दिली होती. मुंबई उच्च न्यायालयानें २०२४ सालच्या एप्रिल महिन्यांत ती रद्द ठरविली. कारण पुनः तेंच : नागरिकाचा मूलभूत हक्क परिपत्रकानें नव्हे, कायद्यानेंच रोखतां येतो.

ह्यावरून अधिकाऱ्यांस अधिकारच नसावा असें कोणी समजूं नये. खोट्या नांवांनीं पासपोर्ट काढणारे, लोकांचा पैसा बुडवून परदेशीं पळणारे, न्यायालयाचें बोलावणें चुकविणारे लोक आहेत; त्यांना रोखणें हें सरकारचें कर्तव्यच होय. आणि पासपोर्ट कार्यालयांतील पुष्कळ मंडळी शेंकडों अर्जांच्या ढिगाऱ्यांत मान वर न करितां इमानानें काम करीत असतात. त्यांना कायद्याचें बंधन म्हणजे अपमान वाटूं नये. कारण लिहून ठेवावें लागलें म्हणजे मनुष्य विचार करूं लागतो. आणि विचार केला म्हणजे निम्मे अन्याय लेखणींतून उतरण्यापूर्वींच थांबतात.

आतां वडील मंडळींकरितां चार व्यावहारिक गोष्टी सांगतों. अर्जांत सर्व माहिती खरी द्यावी; गैरसोयीची माहिती लपविण्याचा मोह होतो, परंतु लपविणें हेंच पुढें पासपोर्ट जाण्याचें कारण होतें. तोंडी नकार हा नकार नव्हे. लेखी हुकूम व त्याचीं कारणें नम्रपणें परंतु लेखी मागावीं, आणि आपल्या अर्जाची पोंच जपून ठेवावी. अपिलाची मुदत नियमांत ३० दिवसांची आहे; ती दवडूं नये. न्यायालयांत फौजदारी खटला चालू असला तरीही सर्व वाटा बंद होत नाहींत. १९९३ सालच्या सरकारी अधिसूचनेप्रमाणें त्या न्यायालयाची परवानगी आणल्यास ठराविक मुदतीचा पासपोर्ट मिळूं शकतो. आणि पोलिसांत नुसती फिर्याद नोंदली जाणें म्हणजे न्यायालयांत खटला चालू असणें नव्हे. न्यायालयानें त्या प्रकरणाची दखल घेतली म्हणजे मग खटला सुरू झाला, असें अनेक उच्च न्यायालयांनीं म्हटलें आहे.

त्या मुलीच्या बाबतींत हीच शेवटची गोष्ट निघाली. तिनें लेखी कारणें मागितलीं, आणि तीन आठवड्यांनीं उत्तर आलें. गांवीं चुलत्यांशीं शेताच्या बांधावरून तंटा झाला होता, आणि चुलत्यांनीं दिलेल्या फिर्यादींत घरांतल्या सर्व माणसांचीं नांवें घातलीं होतीं. ती त्या दिवशीं गांवांत नव्हतीच. रुग्णालयांत रात्रपाळीवर होती, आणि आपलें नांव त्या फिर्यादींत आहे हें तिला ठाऊकही नव्हतें. प्रकरण न्यायालयापर्यंत गेलें नव्हतें. हें सर्व तिनें कागदपत्रांसह कळविलें, आणि तिला पासपोर्ट मिळाला. परंतु तोंवर परदेशांतील ती जागा दुसऱ्या कोणास देण्यांत आली होती. दुसरें काम मिळण्यास तिला दीड वर्ष लागलें, आणि तिच्या भावाचें कॉलेजाचें एक वर्ष फी न भरल्यामुळें फुकट गेलें. पहिल्याच महिन्यांत कोणी दोन ओळी लिहून दिल्या असत्या, तर ह्यांतलें कांहींच घडलें नसतें.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं कोणी उद्यां अर्जदार म्हणून खिडकीच्या अलीकडे उभे राहाल, आणि कोणी अधिकारी म्हणून खिडकीच्या पलीकडे बसाल. अलीकडे असाल तेव्हां आपण भीक मागत नसून हक्क मागत आहों हें विसरूं नका, आणि मागतांना सभ्यता सोडूं नका. पलीकडे बसाल तेव्हां एवढें लक्षांत ठेवा, कीं ती लेखणी तुमची नाहीं. ती तुमच्या हातीं सोंपविलेली आहे, आणि कारभाऱ्यास आपल्या कारभाराचा हिशेब द्यावा लागतो. ह्याचा अभ्यास आजपासूनच करतां येईल. वर्गाच्या मॉनिटरानें एखाद्या मुलाचें नांव फळ्यावर लिहिण्यापूर्वीं त्यास "काय झालें?" असें एकदां विचारावें.